एपफ्रदीत परत कां आला?

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय २, वचनें २५ ते ३०. सोबत वाचावें : योहान १०:११–१३, प्रेषितांचीं कृत्यें १३:१३ व १५:३७–३९, दुसरें तीमथ्य ४:११.

एका खेड्यांतील मंडळीच्या उपदेशकांनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारिला आहे. त्यांच्या मंडळींतील एक बाई शहरांतील इस्पितळांत परिचारिका होती. सन २०२० सालीं करोनाची साथ आली, तेव्हां दुसऱ्याच महिन्यांत ती काम सोडून गांवीं परत आली. त्यास आतां कित्येक वर्षें लोटलीं, तरी मंडळींतील कांहीं जण तिच्याविषयीं बोलतांना "पळालेली" हाच शब्द वापरितात. आतां तिची भाची परिचारिकेचें शिक्षण घेऊं इच्छिते, तर घरचीं वडील माणसें म्हणतात, "एकीनें नांव घालविलें तेवढें पुरे." उपदेशकांचा प्रश्न असा कीं, योहानाच्या शुभवर्तमानांतील मोलकऱ्याचा दाखला ह्या बाईस लागू होतो कीं नाहीं, आणि मंडळीस ह्याविषयीं काय शिकवावें.

उत्तर देण्यास आम्हीं फार दिवस लाविले. कारण त्या वर्षीं नोव्हेंबरांत उपासनामंदिरें पुन्हां उघडलीं तेव्हां त्या मंडळींत पहिला उपदेश आम्हींच केला होता, आणि वचन घेतलें होतें योहान १०:१२. ती बाई तिसऱ्या रांगेंत बसली होती. आमच्या मनांत ती नव्हती. पण ऐकणाऱ्यांच्या मनांत होती, आणि पाळकानें तें ओळखावयास पाहिजे होतें. म्हणून हा पाठ आम्ही वाचकांस शिकविण्यासाठीं जितका लिहितों, तितकाच आपला एक उपदेश दुरुस्त करण्यासाठीं लिहितों.

प्रथम फिलिप्पैकरांच्या पत्रांतील वचनें पाहूं. पौल बंदिवासांत होता. फिलिप्पै येथील मंडळी धनवान नव्हती, तरी तिनें एपफ्रदीत नांवाच्या आपल्या एका माणसाबरोबर त्यास मदत पाठविली. बंदिवानास त्या काळीं अन्न, वस्त्र व औषध बहुतकरून बाहेरच्या माणसांनींच पुरवावें लागे. ज्याला बाहेर कोणी नसे त्याचे हाल कुत्रा खात नसे. एपफ्रदीत हा अशा रीतीनें पौलाचा परिचारकच होता. पुढें तो स्वतः आजारी पडला, मरणाच्या दारापर्यंत गेला आणि देवाच्या दयेनें वांचला. मग त्याला घरची ओढ लागली. आपल्या आजाराची बातमी घरीं पोहोंचली आहे हें कळल्यावर तो अगदीं कासावीस झाला. त्याच्या ह्या अवस्थेसाठीं २६ व्या वचनांत जो ग्रीक शब्द आहे, तोच शब्द गेथशेमाने बागेंतील प्रभूच्या व्याकुळतेसाठीं मत्तय व मार्क ह्यांनीं वापरिला आहे. ज्यांना घरची आठवण ही दुर्बळ माणसाची खूण वाटते त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पौलानें त्यास परत पाठविलें, आणि त्याचा स्वीकार आनंदानें करा, अशा माणसांना मान द्या, असें मंडळीस लिहून कळविलें. असें लिहावें लागतें तें कधीं? स्वीकार होईल कीं नाहीं ह्याची शंका असते तेव्हां. मंडळीनें माणूस निवडला, वाटखर्च दिला, आणि तो काम अर्धें टाकून परत आला, असें चार तोंडांनीं बोललें जाईल हें पौल जाणून होता. म्हणून तो एपफ्रदीताला एका वचनांत पांच नांवें देतो : बंधु, सहकारी, सहसैनिक, तुमचा दूत आणि माझ्या गरजेच्या वेळचा सेवक. घराकडे परत फिरलेल्या माणसाला तो सैनिक म्हणतो! आणि शेवटच्या वचनांत तर तो अधिकच स्पष्ट बोलतो. एपफ्रदीतानें जीव धोक्यांत घातला तो कशासाठीं? फिलिप्पैकरांच्या सेवेंत जें उणें राहिलें होतें तें भरून काढण्यासाठीं. काम सगळ्या मंडळीचें होतें. तें करावयास एकटाच गेला होता.

येथें जीव धोक्यांत घालणें ह्यासाठीं जो मूळ शब्द आहे, त्याचा अर्थ जुगाऱ्यासारखें डावावर लावणें असा आहे. पुढें मिसर देशांतील आलेक्झांड्रिया शहरांत आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा एक ख्रिस्ती वर्ग होता. त्याचें पाराबोलानी हें नांव ह्याच शब्दावरून आलें असें पुष्कळ विद्वान मानितात. सन ४१६ मध्यें रोमी बादशाहानें कायदा करून त्यांची संख्या पांचशेंवर आणिली, आणि ४१८ मध्यें ती सहाशें केली. कारण तोंपर्यंत ते बिशपाच्या बाजूनें नगरांत दांडगाई करूं लागले होते. सेवेचें नांव टिकलें आणि सेवा बिघडली, असें मंडळीच्या इतिहासांत एकदांच घडलें आहे असें नाहीं. पण तो वेगळा विषय आहे.

साथीच्या दिवसांत थांबावें कीं जावें हा प्रश्न आपल्या प्रोटेस्टंट पूर्वजांसमोरही आला होता. सन १५२७ च्या उन्हाळ्यांत जर्मनींतील विटेनबर्ग नगरांत प्लेग शिरला. विद्यापीठ येना येथें हलविण्यांत आलें. मार्टिन लूथर ह्यानेंही निघावें असें राजानें कळविलें. पण तो बुगेनहागन ह्या पाळकासह मागें राहिला. त्याची पत्नी काथारीना गरोदर होती, आणि तशांत त्यांचें घर म्हणजे एक इस्पितळच होऊन गेलें. ब्रेस्लाव येथील पाळक योहान हेस ह्यानें ख्रिस्ती मनुष्यानें प्लेगांतून पळून जाणें योग्य आहे काय, असें त्यास विचारिलें होतें. लूथरानें त्याच वर्षीं पत्ररूपानें उत्तर छापून प्रसिद्ध केलें.

तो थांबला होता, तेव्हां जाणाऱ्यांवर त्यानें आग पाखडली असेल, असें वाचकांस वाटेल. तसें नाहीं. मरणापासून जीव वांचविणें हें देवानेंच मनुष्याच्या स्वभावांत ठेविलें आहे, आणि अब्राहाम, याकोब व दावीद हेही संकटांतून निसटले होते, असें तो सांगतो. परंतु ज्याच्यावर दुसऱ्याचा भार आहे त्यानें तो टाकून जाऊं नये : पाळक, नगराचे अधिकारी, आईबाप, चाकर व धनी, आणि आजाऱ्याजवळ दुसरें कोणीच नसेल तर शेजारीही. मात्र काम पाहण्यास पुरेशीं माणसें असतील आणि आपसांत ठरलें असेल, तर बाकीच्यांनीं जाण्यांत पाप नाहीं. उलट जे औषध झिडकारितात, धुरी देत नाहींत, नको तेथें शिरतात आणि ह्यास विश्वास म्हणतात, ते देवाची परीक्षा पाहतात. तो एक व्यावहारिक गोष्टही सांगतो, ती आमच्या मतें सर्व पत्रांत मोलाची आहे. नगरांनीं शुश्रूषेसाठीं इस्पितळें व नेमलेलीं माणसें ठेविलीं पाहिजेत, म्हणजे प्रत्येक घराला हा भार एकट्यानें उचलावा लागणार नाहीं. अर्थात् थांबणाऱ्याच्या छातीपुरता हा प्रश्न त्यानें ठेविला नाहीं. नगरानें आधीं काय करून ठेविलें होतें, हेंही त्यानें विचारिलें.

सन १५४३ मध्यें जिनीवा नगरांतील पाळकांची कसोटी झाली. प्लेगच्या इस्पितळांत आजाऱ्यांजवळ पाळकानें जावें अशी नगरसभेची आज्ञा होती. पियेर ब्लांशे नांवाचा पाळक गेला, आणि तेथेंच मेला. त्यानंतर उरलेले पाळक सभेपुढें आले आणि म्हणाले कीं, हें आमचें कर्तव्य आहे हें आम्ही जाणतों, पण देवानें तेवढें धैर्य आम्हांस अजून दिलेलें नाहीं. ही कबुली वाचतांना आम्हांस प्रथम लाज वाटली, मग मोठा धीर आला. त्यांनीं खोटें कारण सांगितलें नाहीं. आम्ही उपदेशपीठावरून परिचारिकेला जें सांगतों, तें आपण स्वतः कितीसें केलें असतें, हें मोजण्यास हा प्रसंग चांगला आहे. सन २०२० मध्यें आजाऱ्याच्या खाटेजवळ प्रार्थनेस आम्हीही गेलों नाहीं. आम्ही फोनवर प्रार्थना केली.

आतां केवळ प्रेमानें थांबलें म्हणजे झालें काय, हें पाहूं. आफ्रिकेंतील झाईर देशांत (आज त्यास काँगो लोकसत्ताक म्हणतात) यांबुकू ह्या ठिकाणीं बेल्जियमच्या रोमन क्याथोलिक भगिनींचें मिशन इस्पितळ होतें. सन १९७६ मध्यें तेथें एक अनोळखी ताप आला. त्याला पुढें एबोला हें नांव पडलें. ह्या इस्पितळांत रोज सकाळीं बाहेरच्या रोग्यांसाठीं पांच सुया व पांच पिचकाऱ्या काढीत. एका रोग्याला टोंचून झाल्यावर सुई कोमट पाण्यांत खळाळून दुसऱ्याला टोंचीत. गरोदर बायाही टोंचून घेण्यास येत. अशा रीतीनें जेथें बरें होण्यास लोक येत तेथूनच मरण गांवोगांवीं गेलें. एकंदर ३१८ माणसें आजारी पडलीं आणि त्यांतील २८० मेलीं. इस्पितळांतील सतरा सेवकांपैकीं अकरा जण त्या रोगानें गेले. मग इस्पितळ बंद करावें लागलें. त्या भगिनी पळाल्या नाहींत; रोग्यांची सेवा करीत त्यांच्यांतील कित्येक मेल्या. त्यांच्या प्रेमांत उणें नव्हतें. उणीव होती ती उकळलेल्या सुईची. हें आपण प्रोटेस्टंट लोकांनीं त्यांना हिणविण्यासाठीं सांगूं नये. आपल्या मिशनांच्या खेड्यांतील दवाखान्यांतही पूर्वीं सुया किती वेळां उकळत असत, हें जुन्या लोकांस विचारावें.

हाच रोग डिसेंबर २०१३ मध्यें पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत उठला, आणि तेथून लायबेरिया व सिएरा लिओन ह्या शेजारच्या देशांत पसरला. तिन्ही देशांत मिळून २८,००० हून अधिक लोकांस त्यानें गांठलें आणि ११,००० हून अधिक मेले. हा रोग वाऱ्यावर पसरत नाहीं. रोग्याचें रक्त, ओकारी, घाम, मळ ह्यांच्या स्पर्शानें होतो, आणि प्रेताला स्नान घालणारासही होतो. म्हणून जो रोग्याला उचलतो, पुसतो, पाणी पाजतो, त्यालाच तो आधीं धरितो. आठशेंहून अधिक आरोग्यसेवकांस तो झाला, आणि त्यांतील पांचशेंहून अधिक मरण पावले. लायबेरियांत डॉक्टर, परिचारिका व सुइणी मिळून जितक्या होत्या, त्यांपैकीं शेंकडा सुमारें आठ ह्या एका साथींत गेल्या. सिएरा लिओनमध्यें शेंकडा सुमारें सात. डॉक्टरांचा आधींच दुष्काळ असलेल्या देशांत ही हानि किती मोठी, हें ज्याच्या तालुक्यांत एकच डॉक्टर आहे त्याला सांगणें नको.

सिएरा लिओनमध्यें केनेमा येथें सरकारी इस्पितळ आहे. तेथें लासा नांवाच्या दुसऱ्या एका प्राणघातक तापासाठीं वेगळा कक्ष होता. त्याचे प्रमुख डॉ. अनिरू काँतेह ह्यांस रोग्याची सुई टोंचली आणि २००४ मध्यें ते त्याच तापानें मेले. त्यांच्या रिकाम्या जागीं डॉ. शेख उमर खान आले. आपण कोणाच्या खुर्चीवर बसतों, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. दहा वर्षांनीं, २०१४ मध्यें, एबोला आला. खान, मुख्य परिचारिका म्बालू फोनी आणि त्यांचीं माणसें कामावर राहिलीं. जुलै महिन्यांत प्रथम फोनी आणि २९ तारखेस खान मरण पावले. त्या एका इस्पितळांतील वीसांहून अधिक सेवक गेले.

त्याच इस्पितळांतील परिचारिकांनीं आगस्टांत काम बंद केलें. इकडे थांबून मरणारे आणि इकडे बाहेर उभे राहणारे, हे दोन जातींचे लोक होते काय? मुळींच नाहीं. एकाच पाळींत काम केलेलीं, एकाच भांड्यांतलें जेवलेलीं माणसें होतीं तीं. त्यांचें म्हणणें काय होतें? कबूल केलेला पैसा मिळत नाहीं, अंगावर घालण्याचे पोशाख नीट नाहींत, आणि सोबतचीं माणसें मरत आहेत. लायबेरियांतही ऑक्टोबरांत जोखमीच्या भत्त्यावरून संपाची हांक दिली गेली. आणि तरीही पुष्कळ सेवक त्या दिवशीं कामावर आले, हें विशेष. हातमोज्यांशिवाय बाळंतपण करावयाचें कीं बाईला दारांतून परत पाठवावयाचें, असा पेंच त्या सुइणींपुढें होता. दोहोंपैकीं कांहींही केलें तरी तिच्या मनाला टोंचणी राहणारच.

माणूस संकटांत कामावर कां थांबतो? साथींतील सेवकांनीं जें सांगितलें आहे, तें वाचतांना आम्हांस दिसलें कीं धैर्य हा शब्द त्यांच्या तोंडीं फारसा नसतो. ते म्हणतात, सोबतीण एकटी पडली असती. रोग्यांना दुसरें कोण होतें? आम्हांस शिकविलें होतें, पोशाख कसा घालावा आणि (ह्याहून कठीण) कसा काढावा हें ठाऊक होतें. मुख्य माणूस खरें बोलत असे आणि स्वतः खाटांमधून फिरत असे. आणि कां जातात? स्वतःच्या मरणाच्या भयानें जाणारे आहेतच. पण त्याहून मोठें भय असतें तें रोग घरीं नेण्याचें. घरीं तान्हें मूल, म्हातारी सासू, त्यांच्याकडे पाहणारें कोणी नाहीं. धनी खोटें बोलतो, पगार अडतो, शेजारी दार लावून घेतात. एका बाजूनें रोगी ओढतो, दुसऱ्या बाजूनें मूल. मधल्या माणसाला मागून कोणीं धरिलें आहे कीं नाहीं, ह्यावर बहुतेक गोष्टी ठरतात.

मागून धरणारें कोणी नसलें म्हणजे काय होतें, ह्याचें एक दुःखद उदाहरण लायबेरियांतील आहे. सालोमी कारवा ह्या तरुण बाईचे आईबाप २०१४ मध्यें एबोलानें मेले. तिलाही तो झाला, पण ती वांचली. एकदां वांचलेल्यास तो रोग लगेच पुन्हां धरीत नाहीं. म्हणून बरी झाल्यावर ती ज्या केंद्रांतून बाहेर पडली होती, तेथेंच रोग्यांची सेवा करण्यास परत गेली. एका प्रसिद्ध अमेरिकन साप्ताहिकानें त्या वर्षीं एबोलाशीं झुंजणाऱ्यांस वर्षाचे मानकरी ठरविलें, तेव्हां मुखपृष्ठावर तिचाही चेहरा होता. फेब्रुवारी २०१७ मध्यें ती बाळंत झाली. घरीं आल्यावर तिला झटके आले. तिच्या बहिणीनें सांगितलें कीं, इस्पितळांत परत नेलें असतां, ही एबोलांतून वांचलेली बाई, हिला हात कोणीं लावावा, म्हणून सेवक मागें सरले. ती मेली. पौलानें फिलिप्पैकरांस स्वीकाराविषयीं इतकें आग्रहानें कां लिहिलें, हें आम्हांस ही हकीगत वाचल्यावर अधिक कळलें.

आफ्रिका दूर आहे असें कोणी म्हणूं नये. एप्रिल २०२० मध्यें चेन्नई येथें डॉ. सायमन हर्क्युलीस हे मेंदूचे शस्त्रवैद्य करोनानें वारले. त्यांचें शव पुरण्यास नेलें, तर रोग पसरेल ह्या भयानें जमावानें गाडीवर दगड व काठ्या चालविल्या. शेवटीं एका सहकारी डॉक्टरानें इस्पितळाच्या दोन नोकरांसह रात्रीं, पोलीसांच्या पहाऱ्यांत, स्वतः माती लोटून त्यांस पुरलें. त्याच महिन्यांत, २२ तारखेस, सरकारनें वटहुकूम काढून १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा सुधारिला. तो मूळ कायदा मुंबईच्या प्लेगच्या वेळीं झाला होता. आरोग्यसेवकावर हात टाकणारास आणि त्यास राहत्या घरांतून त्रास देऊन काढणारासही शिक्षा ठरली. म्हणजे रोग्यांची सेवा करणाऱ्याला भाड्याच्या खोलींत राहूं द्या, हें सांगण्यास ह्या देशांत कायदा करावा लागला! पुढच्याच महिन्यांत कलकत्त्याच्या खासगी इस्पितळांतून सुमारें तीनशें परिचारिका काम सोडून आपापल्या प्रांतीं गेल्या. त्यांत मणिपूरच्या पुष्कळ होत्या. तोंडवळ्यावरून लोक हिणवितात, संरक्षक किट पुरेसे नाहींत, पगाराचा भरंवसा नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. आपल्या महाराष्ट्रांत सुमारें सत्तर हजार आशा स्वयंसेविकांनीं जून २०२१ मध्यें संप केला. त्याआधीं वर्षभर त्या घरोघर फिरून आजारी माणसें नोंदीत होत्या. मानधनांत वाढ कबूल झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या कामावर परतल्या. ह्यांस लोभी म्हणणाऱ्यांनीं त्यांचें मासिक मानधन किती होतें तें आधीं विचारावें.

आतां योहान १०:१२. प्रभूनें मोलकरी कोणास म्हटलें? ज्याचीं मेंढरें स्वतःचीं नाहींत आणि ज्याला त्यांची पर्वा नाहीं त्यास. लांडगा दिसल्यावर भय वाटणें हा मोलकऱ्याचा दोष म्हणून प्रभूनें सांगितलेला नाहीं. भय मेंढपाळालाही वाटतें. भेद आहे तो आपलेपणाचा. सन १८९७ मध्यें पुण्याजवळ प्लेगच्या दिवसांत सावित्रीबाई फुले ह्यांनीं आपला डॉक्टर मुलगा यशवंत ह्याच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं त्यांनीं देह ठेविला. त्यांना कोणीं मोलानें लाविलें नव्हतें. रोगी त्यांना आपले वाटत होते. परंतु ह्याच वचनाची दुसरी बाजू आम्हीं त्या नोव्हेंबरांत सांगितली नाहीं. ज्यानें सेवकाला केवळ मोलकरी म्हणून वागविलें, पोशाख मोजून दिला, पगार कापला, आजारी पडल्यावर नांव पटावरून खोडलें, त्यानें त्याजकडून मेंढपाळाच्या प्रेमाची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? शिवाय हा दाखला प्रभूनें सांगितला तो इस्राएलाच्या धार्मिक पुढाऱ्यांविषयीं. तो उचलून पगारी परिचारिकेवर टाकणें आणि आपण पाळकांनीं मोकळें राहणें, हें शास्त्राचें वांकडें वाचन होय. स्वतः प्रभूही आपली वेळ येईपर्यंत कित्येकदां धोक्यांतून बाजूला झाला (योहान ७:१, ११:५४), आणि एका गांवीं छळ झाला तर दुसऱ्या गांवीं पळा, असें त्यानें शिष्यांस सांगितलें (मत्तय १०:२३).

तर मग काम सोडून जाणें कधींच पाप नाहीं काय? आहे. रोग्याला रात्रीं कोणाच्याही हवालीं न करितां निघून जाणें, सोबतिणीला न सांगतां तिच्यावर दुहेरी पाळी टाकणें, हें पाप आहे, आणि त्याचा पश्चात्ताप पाहिजे. मार्क पंफुल्याहून परतला तेव्हां पौलास तें टाकून जाणेंच वाटलें, आणि त्याजवरून पौल व बर्णबा ह्यांची फूट पडली. बर्णबानें त्यास जवळ ठेविलें. पुढें मरण समोर दिसत असतां पौल तीमथ्यास लिहितो कीं मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठीं उपयोगी आहे. बर्णबानें मध्यें काय काय केलें तें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. आम्हांस वाटतें, त्यानें फारसा उपदेश केला नसावा.

मंडळीनें काय करावें, हें आम्ही उपदेशकांस थोडक्यांत कळविलें आहे. मुलगी परिचारिकेच्या शिक्षणास जाते तेव्हां आपण प्रार्थना करून हार घालतों. त्याच वेळीं पंचांनीं एक कागद करावा. साथ, पूर किंवा दंगा झाला तर हिचें मूल कोणत्या घरीं राहील, म्हाताऱ्या आईला पाणी कोण आणून देईल, काढणीच्या वेळीं तिचें शेत कोण पाहील, रजेवर आली तर चौदा दिवस वेगळें राहण्यास कोणाची खोली मिळेल, हें नांवानिशीं त्यांत लिहावें. ती मेली तर कबर कोण खणील, हेंही लिहावें. चेन्नईची गोष्ट वाचल्यावर हें विचारण्यास संकोच नको. नांवें न लिहितां "मंडळी पाहील" असें लिहूं नये. मंडळी पाहील म्हणजे कोणीच पाहणार नाहीं, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे.

उत्तर पाठविण्यापूर्वीं आम्ही त्या बाईच्या घरीं गेलों. उपदेशक बरोबर होते. त्या दिवसाच्या उपदेशाविषयीं आम्हीं क्षमा मागितली. ती म्हणाली, "पाळकसाहेब, त्यांत काय? चहा घ्या." बराच वेळ ती दुसरेंच बोलत राहिली. मग तिनें सांगितलें. खोलीच्या मालकानें तिचें सामान बाहेर काढलें होतें. ती आठ दिवस इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलींत निजली, पण त्यासाठीं ती परत आली नाहीं. गांवीं तिची चार वर्षांची मुलगी आजीजवळ होती, आणि आजी तापानें पडली. नवरा मालगाडी घेऊन परप्रांतीं अडकला होता. तिनें मंडळींतील तीन घरांस फोन केले कीं मुलीला पंधरा दिवस ठेवून घ्या, ताप नाहीं, तपासणी झाली आहे. तिघांनीं नाहीं म्हटलें. त्यानंतर तिनें वरच्या परिचारिकेला सांगून, रोगी दुसरीच्या हवालीं करून, भाजीच्या गाडीनें गांव गांठलें.

कोणतीं तीन घरें, हें आम्हीं विचारिलें. तिनें सांगितलें नाहीं. उपदेशक खालीं पाहत होते.

भाचीचा अर्ज तेथेंच फळीवर ठेविला होता. त्यास पाळकाचें शिफारसपत्र जोडावें लागतें. तें आम्हीं बसल्या जागीं लिहून सही केली. मागच्या कोऱ्या बाजूस वर सांगितल्याप्रमाणें कामें लिहिलीं आणि प्रत्येकापुढें नांवासाठीं जागा सोडली. मूल नाहीं म्हणून ती ओळ आतां लागत नाहीं, असें मुलगी म्हणाली. मावशीनें ती राहूं दे म्हणून सांगितलें. पहिलें नांव उपदेशकांनीं घातलें. बाकीच्या जागा येत्या शब्बाथीं उपासनेनंतर पंचांपुढें ठेवावयाच्या आहेत.